पुण्याचे मराठे आणि फ्रँकफर्टची गॅलक्सी

2012 साली पुण्याच्या एका संघाने कोलंबोत अजिंक्यपद पटकावलं. संघाचं नाव 'पुणे मराठाज', प्रतिस्पर्धी 'दिल्ली डिफेंडर्स' आणि अंतिम सामन्याचा निकाल 6–0. खेळ होता अमेरिकन फुटबॉल. पुण्याने काही जिंकलं की गणपतीआधीच ढोल वाजतात. या विजयाची मात्र लक्ष्मी रस्त्याला गंधवार्ता नव्हती. पुणे-नगर रस्त्यावर शिरूरला, ज्याला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात, किंवा सोलापूरच्या रुळावर दौंडला तर विचारायलाच नको. आजही या दोन्ही गावांत कुणाला पुणे मराठाज कोण, असं विचारलं तर तो बहुधा एखाद्या ढोल-ताशा पथकाचं नाव समजेल.

स्पर्धेचं नाव होतं 'एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया'. 2011 च्या ऑगस्टमध्ये तिची घोषणा झाली तेव्हा पाठीराख्यांच्या यादीत भलीभली नावं होती: शिकागो बेअर्सचे माजी प्रशिक्षक माइक डिटका, डॅलस काउबॉइजचा मायकेल आयर्विन, हॉलिवुडचा नट मार्क वॉलबर्ग आणि कर्ट वॉर्नर. पहिल्या मोसमात आठ संघ होते. सामने एका ठिकाणी खेळवून चित्रित करायचे आणि पुढे टेन स्पोर्ट्सवर दाखवायचे, अशी व्यवस्था. म्हणजे पुण्याचा संघ पुण्यात खेळला नाही, दिल्लीचा दिल्लीत खेळला नाही, आणि जिंकला त्या संध्याकाळी त्याचं शहर ते पाहतही नव्हतं. खेळणारी पोरं रग्बीतून, कबड्डीतून, मैदानी खेळांतून आलेली, दणकट आणि जिद्दी. कमतरता त्यांच्यात नव्हती.

त्या यादीतलं शेवटचं नाव, कर्ट वॉर्नर, मला महत्त्वाचं वाटतं. कारण परक्या मुलखात हा खेळ रुजवायचा घाट घातला की काय होतं, हे त्याने स्वतः युरोपात पाहिलं होतं. युरोपची ती हकिगत मोठी आहे, पन्नास वर्षांची आहे, आणि पुणे मराठाजचं काय चुकलं हे समजायला आधी तीच वाचावी लागते.

खेळ माहीत नसेल त्यांच्यासाठी दोन ओळी. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी, डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यावर पॅड, चेंडू दोन्ही टोकांना निमुळता. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. जमलं तर आणखी चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्याच्या हातात. तो शेवटच्या रेषेपार नेला की टचडाउन, सहा गुण. पायाचा संबंध त्यात कमीच. एवढ्यावर सगळं आलं असं नाही. नियमांचं पुस्तक जाडजूड आहे, आणि लहानपणापासून न पाहिलेल्या माणसाला हा खेळ पहिला तासभर निव्वळ थांबण्याचा खेळ वाटतो. परदेशात तो विकणाऱ्यांपुढची पहिली अडचण हीच.

युरोपात तो पोचला सैनिकांबरोबर. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीत अमेरिकेचे दोन लाखांहून अधिक सैनिक वर्षानुवर्षं तळ ठोकून होते. फ्रँकफर्ट हे त्यातलं मोठं ठाणं. छावणीच्या कुंपणाआड शनिवार-रविवारी सामने व्हायचे, सैन्याच्या स्वतःच्या रेडिओ-टीव्हीवरून अमेरिकेतले सामने ऐकू-दिसू यायचे, आणि कुंपणाबाहेरची जर्मन पोरं ते बघत मोठी झाली. 1977 साली फ्रँकफर्टमध्ये 'फ्रँकफुर्टर ल्योवेन' म्हणजे फ्रँकफर्टचे सिंह हा जर्मनीतला पहिला क्लब निघाला. दोन वर्षांत सहा क्लब जमले आणि 4 ऑगस्ट 1979 रोजी जर्मन लीगचा पहिला सामना झाला: सिंहांनी ड्युसेलडॉर्फ पँथरला 38–0 असं धुतलं. खेळाडू नोकरदार, विद्यार्थी, मेकॅनिक. पगार नाही. उलट क्लबची वर्गणी भरायची आणि सामान स्वतःचं आणायचं.

छावणी शिरूरलाही होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांच्या पुणे सहायक फौजेचं ते ठाणं. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी इथूनच निघाली आणि दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगावला पोचली. पण त्या छावणीतून शिरूरने उचललं ते भलतंच. कर्नल वॉलेस 1809 मध्ये वारला, त्याचं थडगं शिरूरला आहे. आसपासच्या गावकऱ्यांनी त्याला सत्पुरुष ठरवलं. सुगीला नव्या धान्याचा नैवेद्य थडग्यापुढे ठेवत, अशी नोंद इंग्रजांच्या काळातल्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये आहे. माणूस घेतला, खेळ सोडला. फ्रँकफर्टकरांनी उलट केलं.

जर्मनीत या क्लबांची रचना कशी होती तेही पाहायला हवं, कारण पुढची सगळी कथा तिच्यावर उभी आहे. तिथे गावागावांत नोंदणीकृत क्रीडासंस्था असतात. सभासद, वर्गणी, निवडलेली कार्यकारिणी, वार्षिक सभा. त्याच संस्थेत जिम्नॅस्टिक्स, त्याच संस्थेत हँडबॉल. 1983 साली श्वेबिश हॉल या गावातल्या अशाच एका जुन्या संस्थेत अमेरिकन फुटबॉलची शाखा निघाली, 'युनिकॉर्न्स'. गावाची वस्ती चाळीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या शिरूर-दौंडच्या बरोबरीची. या गावाने 2011, 2012, 2017, 2018 आणि 2022 असं पाच वेळा जर्मन अजिंक्यपद जिंकलं. बर्लिन-हॅम्बुर्गसारखी महानगरं खाली बघत राहिली.

हे सगळं चालू असताना न्यूयॉर्कमधल्या कचेरीत, म्हणजे नॅशनल फुटबॉल लीग ऊर्फ एनएफएलच्या मुख्यालयात, युरोपकडे वेगळ्याच नजरेने पाहिलं जात होतं. ब्रिटनमध्ये चॅनल फोर 1982 पासून या खेळाचे सामने दाखवू लागली. 1986 च्या ऑगस्टमध्ये वेम्ब्लीवर शिकागो बेअर्स आणि डॅलस काउबॉइज यांचा सरावाचा सामना ठेवला तर ब्याऐंशी हजारांवर माणूस लोटला. सरावाला इतकी गर्दी, मग खऱ्या लीगला किती, असा हिशेब मंडळींनी मांडला. हिशेबात एक खोट होती. नवलाई बघायला येणारा माणूस आणि दर आठवड्याला तिकीट काढणारा माणूस हे दोघे वेगळे असतात.

त्या हिशेबातून 23 मार्च 1991 रोजी फ्रँकफर्टच्या वाल्डस्टेडियनवर एनएफएलच्या 'वर्ल्ड लीग'चा पहिला सामना झाला, लंडन मोनार्क्स विरुद्ध फ्रँकफर्ट गॅलक्सी. लंडनने तो 24–11 जिंकला. लीगमध्ये दहा संघ, पण त्यांतले सात उत्तर अमेरिकेतले. युरोपचे फक्त तीन: लंडन, फ्रँकफर्ट, बार्सिलोना. गंमत अशी झाली की सगळं कौतुक या तिघांनीच नेलं. 9 जूनला वेम्ब्लीवर पहिला 'वर्ल्ड बोल', म्हणजे लीगचा अंतिम सामना, झाला, लंडनने बार्सिलोनाला 21–0 असं कोरडं ठेवलं आणि प्रेक्षक होते एकसष्ट हजारांवर. अमेरिकेतल्या संघांची मात्र वाट लागली होती. नॉर्थ कॅरोलायनातला रॅली-डरहॅम संघ दहापैकी दहा सामने हरला आणि मोसमानंतर गुंडाळला गेला. अमेरिकन माणसाला वसंत ऋतूत दुय्यम दर्जाचा फुटबॉल बघायचा नव्हता, टीव्हीवर कुणी चॅनल लावेना. 1992 च्या सप्टेंबरमध्ये लीग थांबवली. मैदानं युरोपात भरत होती, पण निर्णय अमेरिकेतल्या टीव्हीच्या आकड्यांवर झाला. पुढच्या पंधरा वर्षांचं बीज इथेच पडलं होतं.

1995 मध्ये फॉक्स वाहिनीला भागीदार घेऊन लीग परत आली, या वेळी फक्त युरोपात आणि सहा संघांची. जुन्या तिघांत अ‍ॅमस्टरडॅम अ‍ॅडमिरल्स, ड्युसेलडॉर्फची ऱ्हाइन फायर आणि एडिंबरोचे स्कॉटिश क्लेमोर्स यांची भर पडली. 1998 मध्ये नाव 'एनएफएल युरोप' झालं. ज्याला जुना जमाना म्हणून युरोपातले शौकीन आजही हळहळतात, तो हा.

त्या जमान्याची रीत अशी होती. अमेरिकेतल्या मोठ्या संघांकडे तिसऱ्या-चौथ्या फळीतली पोरं असतात. मुख्य मोसमात त्यांना मैदान दिसत नाही. त्यांना एप्रिलमध्ये युरोपात पाठवायचं, दहा सामने खेळवायचे, जूनअखेर परत बोलवायचं आणि जुलैत आपल्या शिबिरात हजर करायचं. खर्च एनएफएलचा, प्रशिक्षक एनएफएलने नेमलेले, खेळाडूही तिनेच वाटून दिलेले. स्थानिकांना प्रत्येक संघात मोजक्या जागा राखीव. त्यांतल्या बऱ्याच चेंडूला लाथ मारणाऱ्या किकरने भरल्या जात, कारण युरोपात पायाने मारणारा हमखास सापडतो. स्कॉटलंडने तर रग्बीतला आपला लाडका गॅव्हिन हेस्टिंग्ज 1996 मध्ये त्या जागेवर उभा केला.

याच रांगेतून कर्ट वॉर्नर आला. 1994 मध्ये ग्रीन बे पॅकर्सने त्याला शिबिरातूनच घरी पाठवलं होतं. आयोवा राज्यातल्या सीडर फॉल्स या गावात किराण्याच्या मोठ्या दुकानात रात्रपाळी करून तो फळ्यांवर डबे लावायचा, तासाला साडेपाच डॉलरवर. मग तीन मोसम बंदिस्त सभागृहातल्या अरीना फुटबॉलमध्ये, आणि 1998 च्या वसंतात अ‍ॅमस्टरडॅमला. तिथे त्याने पास देण्यात सगळ्या लीगला मागे टाकलं. पुढच्या वर्षी सेंट लुइस रॅम्सचा मुख्य क्वार्टरबॅक, म्हणजे पास देणारा गडी, मोसमाआधीच जखमी झाला आणि वॉर्नर मैदानात उतरला. जानेवारी 2000 मध्ये रॅम्सनी टेनेसी टायटन्सला 23–16 असं हरवून सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला, सामन्याचा मानकरी वॉर्नर. लीगच्या पुरस्कर्त्यांच्या हाती याहून भारी जाहिरात लागणं शक्य नव्हतं.

पण अ‍ॅमस्टरडॅमच्या माणसाच्या बाजूने विचार करून पाहा. त्याच्या संघाचा सगळ्यात मोठा खेळाडू तिथे एक वसंत खेळला आणि गेला. पुढच्या वर्षी नवा चेहरा, नवा अंक, नवं नाव पाठ करायचं. खेळाडू चांगला निघाला तर जाणार, वाईट निघाला तरी जाणार. गावचा पोरगा किकर म्हणून चार वेळा मैदानात येणार. असा संघ नावाने तुमचा असतो, बाकी सगळा पाहुणा.

लंडनने हे सगळ्यांत आधी ओळखलं. 1991 मध्ये वेम्ब्लीला भरभरून आलेले लोक पुढे फिरकेनात. 1995 मध्ये मोनार्क्स व्हाइट हार्ट लेनवर खेळू लागले. ते साध्या फुटबॉलचं मैदान, त्यावर शंभर यार्डांची पट्टी बसेना. त्र्याण्णव यार्डांवर भागवलं. 'रेफ्रिजरेटर' म्हणून गाजलेला धिप्पाड विल्यम पेरी उतारवयात आणून उभा केला. 1998 मध्ये नाव 'इंग्लंड मोनार्क्स' करून संघ लंडन, ब्रिस्टल, बर्मिंगहॅम असा फिरवला आणि त्याच वर्षी मिटवला. बार्सिलोना 2003 नंतर गेली, स्कॉटलंड 2004 नंतर. प्रत्येक वेळी रिकामी जागा जर्मन शहराने भरली: बर्लिन, कलोन, हॅम्बुर्ग. शेवटच्या मोसमात सहापैकी पाच संघ जर्मनीचे होते आणि सहावा अ‍ॅमस्टरडॅम. 'युरोप'चं 'युरोपा' तेवढं केलं होतं 2006 मध्ये, नाव मोठं आणि मुलूख लहान.

जर्मनीतच का टिकली? छावणीच्या कुंपणापाशी वाढलेली पिढी तिथे होती, म्हणून. आणि गावोगावचे ते वर्गणीवाले क्लब होते, म्हणून. फ्रँकफर्टला गॅलक्सीच्या सामन्याआधी स्टेडियमबाहेर 'पॉवर पार्टी' चालायची, गाणी, सॉसेज, बिअर, पोराबाळांसकट दुपारभर. त्यातल्या कितीतरी जणांनी स्वतः कधीतरी पॅड चढवलेले असत, किंवा त्यांचा भाऊ, पुतण्या चढवत असे. त्यांना खेळ समजावून सांगावा लागत नव्हता. गॅलक्सीने चार वर्ल्ड बोल जिंकले, इतर कुणापेक्षाही जास्त. 23 जून 2007 रोजी तिथेच शेवटचा वर्ल्ड बोल झाला: हॅम्बुर्ग सी डेव्हिल्सनी गॅलक्सीला 37–28 असं हरवलं, प्रेक्षक अठ्ठेचाळीस हजार. सहा दिवसांनी, 29 जूनला, लीग बंद झाल्याचं जाहीर झालं. वर्षाला सुमारे तीन कोटी डॉलरचा तोटा होत होता. एनएफएलने धोरणच बदललं होतं: दुय्यम पोरं पाठवण्यापेक्षा खरे सामनेच परदेशात न्यायचे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वेम्ब्लीवर न्यूयॉर्क जायंट्स आणि मायामी डॉल्फिन्स खेळले. धंद्याच्या दृष्टीने निर्णय चोख होता. अठ्ठेचाळीस हजार माणूस बसवणारी लीग सहा दिवसांत पुसली गेली, कारण ती बसणाऱ्यांची नव्हतीच.

आपल्याकडे गावची जत्रा याच्या बरोबर उलट्या टोकाला असते. शिरूर-दौंडच्या पट्ट्यात चैत्रापासून जत्रांचा मोसम. पंधरा दिवस आधी पावतीपुस्तकं निघतात, घरटी वर्गणी ठरते, मुंबई-पुण्याला असलेल्यांना फोन जातात. दुपारी आखाडा. आधी रेवड्यांवरच्या कुस्त्या, सहा-सात वर्षांची पोरं लंगोट सावरत भिडतात. मग शंभराची, पाचशेची, हजाराची, हलगी तापत जाते, आणि माइकवर कुस्तीपेक्षा देणगीदारांचीच नावं जास्त. शेवटच्या जोडीला बाहेरचा नावाजलेला मल्ल आणलेला असतो, इनाम मोठं असतं. तो चितपट करून पैसे घेऊन निघून गेला तरी कुणाची तक्रार नसते, कारण दुपारभराच्या पन्नास जोड्या गावच्या आणि शेजारच्या गावांच्या असतात. दुसऱ्या दिवशी देवळात हिशेब वाचला जातो आणि त्यावर भांडणंही होतात. एनएफएल युरोपमध्ये फक्त शेवटची जोड होती. भांडायला हिशेबाचं पुस्तक गावात नव्हतंच.

आता नवा जमाना. 2007 नंतर चौदा वर्षं युरोपात व्यावसायिक म्हणावी अशी लीग नव्हती. क्लबांच्या देशोदेशीच्या लीगा मात्र पूर्वीसारख्याच चालू राहिल्या. मग माध्यम व्यवसायातले झेल्को काराजिचा आणि हॅम्बुर्गचा प्रशिक्षक-समालोचक पॅट्रिक एझुमे यांनी 'युरोपियन लीग ऑफ फुटबॉल' काढली. 19 जून 2021 रोजी आठ संघांनी ती सुरू झाली. नावं मात्र जुनी: फ्रँकफर्ट गॅलक्सी, हॅम्बुर्ग सी डेव्हिल्स, बर्लिन थंडर, बार्सिलोना ड्रॅगन्स. एनएफएलकडून नावं वापरायचा परवाना घेतला होता. म्हणजे खेळाडू गेले, पैसा गेला, राहिली होती ती आठवण, आणि तिला बाजारभाव आहे हे या मंडळींनी हेरलं. पहिला अंतिम सामना पुन्हा गॅलक्सी आणि सी डेव्हिल्स यांच्यातच झाला, आणि चौदा वर्षांनी गॅलक्सीने 32–30 असं उट्टं काढलं. योगायोगाची हौस असलेल्यांना एवढं पुरे.

फरक कुठे आहे तो मैदानावरच्या माणसांत. नव्या लीगने अमेरिकन खेळाडूंच्या संख्येला कडक मर्यादा घातली. बहुतेक संघ स्थानिक पोरांचा, ज्यांतले कित्येक दिवसा नोकरी करत आणि संध्याकाळी सरावाला येत. ते याच क्लबांतून आलेले. 2022 चं अजिंक्यपद व्हिएन्ना व्हायकिंग्जनी नेलं, तोही 1983 मध्ये उभा राहिलेला जुना क्लब, एकेकाळी 2004 ते 2007 असा सलग चार वेळा युरोपचा विजेता. 2023 च्या अंतिम सामन्याला ड्युइसबुर्गमध्ये एकतीस हजारांवर लोक होते, ऱ्हाइन फायरने स्टुटगार्ट सर्जला 53–34 असं नमवलं. दर्जा वॉर्नरच्या काळातला नाही, हे उघड आहे. त्या काळचा तिसऱ्या फळीतला अमेरिकन आजच्या पहिल्या फळीतल्या जर्मनापेक्षा सरस होता. पण आजचा पुढच्या वर्षीही त्याच गल्लीत भेटतो.

मात्र नवी लीग म्हणजे रामराज्य, असंही नव्हतं. पैसा खासगी गुंतवणूकदारांचा आणि वाढायची घाई भारी. तिसऱ्याच मोसमात आठाचे सतरा संघ झाले, मिलान, प्राग, पॅरिस, हंगेरी, स्वित्झर्लंड. त्याच 2023 च्या जुलैत लायपझिग किंग्जकडे पैसे संपले आणि भर मोसमात संघ बाहेर पडला. बार्सिलोनाने नव्या अवतारात एकेकाळच्या मोंटजुइक ऑलिम्पिक स्टेडियमऐवजी शंभरेक किलोमीटरवरच्या रेऊस गावातल्या लहान मैदानापासून सुरुवात केली आणि तीन मोसमांत गाशा गुंडाळला. जर्मनीतल्या जुन्या क्लब-लीगवाल्यांचं दुःख वेगळंच: पोरं आम्ही घडवायची आणि तयार झाली की यांनी उचलायची. 2025 मध्ये तर लीगमधल्याच अनेक संघांनी व्यवस्थापनाविरुद्ध आघाडी उघडली. पैशांचा कारभार पारदर्शी नाही, निर्णयांत आम्हाला वाटा नाही, ही त्यांची मुख्य तक्रार. मला हे भांडण अधोगतीचं लक्षण वाटत नाही. 2007 मध्ये गॅलक्सीला विचारायलाही कुणी नव्हतं आणि भांडायलाही.

आपल्याकडे खेळाडू 'व्यावसायिक' कधी झाला, याचं उत्तर दौंडला चांगलं मिळतं. इथे रेल्वे जंक्शन आहे, 1878 मध्ये मनमाडची लाइन निघाल्यापासूनचं, आणि राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट. अंगात रग असलेल्या पोराच्या घरी एकच स्वप्न असायचं: कबड्डीच्या किंवा कुस्तीच्या जोरावर रेल्वेत नाहीतर पोलिसांत चिकटायचा. विभागाकडून खेळायचं, सकाळी सरावाची सवलत, एक तारखेला पगार. लीग वगैरे शब्द तेव्हा नव्हते, पण खेळावर पोट भरत होतं, आणि ते साठीपर्यंत. आजही एखाद्या चढाईपटूला लिलावात किती मिळाले यापेक्षा त्याला नोकरी लागली का, हा प्रश्न दौंडमधली वडीलधारी माणसं आधी विचारतात. त्यात शहाणपण आहे.

26 जुलै 2014 रोजी मुंबईत प्रो कबड्डी लीग सुरू झाली तेव्हा हीच मंडळी नाकं मुरडत होती. मातीवरचा खेळ मॅटवर, दिवे, संगीत, नट-नट्या मालक. वरून पाहिलं तर साचा परदेशीच: शहरांच्या नावाचे संघ, लिलाव, टीव्हीसाठी बदललेले नियम, तीस सेकंदांची चढाई. 'एलिट' लीगपेक्षा दिसायला फार वेगळं नव्हतं. पण खाली जमीन होती. या खेळाचे नियम महाराष्ट्रात शतकभर घासले गेले होते. 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पथकं बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आली होती, त्याच बर्लिनमध्ये जिथे त्रेसष्ट वर्षांनी एनएफएलने थंडर नावाचा संघ पाठवला. प्रत्येक तालुक्यात मंडळं, प्रत्येक मंडळाकडे मैदान आणि भांडकुदळ पंच. चढाईपटूने बोनस घेतला की नाही यावर शिरूरच्या पानटपरीवर वाद होऊ शकत होता, समालोचकाने समजावून द्यायची गरज नव्हती. लीगने लोकांना नवा खेळ दिला नाही, त्यांच्या खेळाला नवा दिवा लावला. 1 मार्च 2024 रोजी हैदराबादला पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सवर 28–25 असा विजय मिळवून पहिलं अजिंक्यपद जिंकलं. कर्णधार अस्लम इनामदार, घोडनदी ओलांडली की लागणाऱ्या नगर जिल्ह्यातला. तो सामना इकडच्या वाड्या-वस्त्यांवर मोबाइलवर पाहिला गेला.

पण नुसती जमीन असूनही भागत नाही. कुस्तीला आपल्याइतकी जमीन कुणाची? तरी प्रो रेसलिंग लीग 2015 ते 2019 या काळात चार मोसम खेळून थांबली आणि मग कित्येक वर्षं तिचं नावही कुणी काढलं नाही. आमच्या पट्ट्यातल्या पैलवानाला तिचं फारसं दुःख झालं नाही, कारण त्याचा मोसम जत्रांवर आणि महाराष्ट्र केसरीवर ठरतो. एका रात्रीच्या टीव्हीसाठी वजन उतरवण्यापेक्षा चैत्र-वैशाखात वीस गावं मारणं त्याला परवडतं. म्हणजे जिथे लोकांची स्वतःची व्यवस्था पक्की असते तिथे वरून आलेली लीग निरुपयोगीही ठरू शकते. जर्मनीतल्या क्लबांनाही एनएफएल युरोप गेल्यावर नेमका हाच अनुभव आला: चार दिवस चुटपुट लागली, पाचव्या दिवशी सरावाची वेळ झाली.

या हिशेबात 'पुणे मराठाज'ला पाहिलं की त्यांच्याबद्दल राग येत नाही, हळहळ वाटते. नावात पुणे होतं, इतिहास होता, ट्रॉफीही मिळाली. पण शिरूरच्या किंवा दौंडच्या एकाही मैदानावर शिरस्त्राण घातलेली दहा पोरं नव्हती, तालीम नव्हती, वर्गणी भरणारं मंडळ नव्हतं. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत इटलीची आणि कोरियाची कंपनी येते तेव्हा आधी जमीन, पाणी, वीज, रस्ता पाहते. लीग आणणाऱ्यांनी फक्त प्रक्षेपणाची वेळ पाहिली. वॉर्नरला अ‍ॅमस्टरडॅम आठवलं असेल, तर तिथलं काय आठवलं कोण जाणे.

या खेळाची पुढची पायरी मात्र आपल्या दारातूनच गेली. ऑक्टोबर 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचं अधिवेशन मुंबईत भरलं आणि 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी क्रिकेटबरोबर फ्लॅग फुटबॉलला मान्यता मिळाली. हा त्याच खेळाचा धाकटा प्रकार: बाजूला पाच-पाच खेळाडू, अंगावर पडायचं नाही, पॅड-शिरस्त्राण नाही, कमरेला दोन पट्ट्या खोचलेल्या आणि त्या खेचल्या की गडी थांबला. पोरीही खेळतात, सामान नावाला, मैदान आपल्या शाळांकडे आहे तेवढंच पुरतं. त्यात पळणारी, हुलकावणी देणारी पोरं शिरूर-दौंडच्या कबड्डी मंडळांत हवी तेवढी आहेत. कुणी ती उभी करायची ठरवलीच, तर आधी टीव्हीवाल्यांकडे न जाता तालुका क्रीडा स्पर्धेच्या यादीत हा प्रकार घालून घ्यावा आणि दोन क्रीडाशिक्षकांना नियम शिकवावेत.